विद्युत् वाहनांचे ब्रशरहित रूपांतर

विद्युत् चलित्राच्या (मोटरच्या) फिरत्या भागाला सरकत्या स्पर्शाने प्रवाह पुरविणारे कार्बनाचे ब्रश व तांब्याचा दिक्‌परिवर्तक काढून टाकून त्यांचे काम अर्धसंवाहकांच्या मंडलाकडे सोपविणे आणि त्यासाठी वाहनाचे चलित्र, वेगनियंत्रक, विद्युत् पुरवठा व दंतचक्रे यांत आवश्यक ते फेरफार करणे, यास ब्रशरहित रूपांतर असे म्हणतात. हातावर मावणाऱ्या रेडिओ नियंत्रित प्रतिकृती मोटारगाडीपासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेपर्यंत विविध आकारांच्या वाहनांत असे रूपांतर झालेले आहे. दोहोंत शक्तीचा फरक काही हजार पटींचा असला, तरी रूपांतराचे तत्त्व व त्यातील अडचणी बऱ्याच अंशी समान आहेत. केवळ चलित्र बदलल्याने हे रूपांतर पूर्ण होत नाही. सबंध वाहनाचीच फेरजुळणी करावी लागते, हे या विषयाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मूलतत्त्व : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या संवाहकातून विद्युत् प्रवाह गेल्यास त्यावर प्रेरणा कार्य करते. तारेची गुंडाळी या प्रेरणेने अर्धा फेरा फिरली की, तिच्या दोन्ही बाजूंची चुंबकीय ध्रुवांच्या संदर्भातील स्थाने उलट होतात. प्रवाह पूर्वीच्याच दिशेने वाहत राहिल्यास गुंडाळी पुढे न जाता मागे ओढली जाईल. तिला अखंड फिरती ठेवावयाची असेल, तर प्रवाहाची दिशा योग्य क्षणी बदलावी लागते. नेहमीच्या एकदिश प्रवाहाच्या चलित्रात हे काम दिक्‌परिवर्तक करतो. हा परस्परांपासून निरोधित केलेल्या तांब्याच्या पट्ट्यांचा दंडगोल असून तो गुंडाळ्यांबरोबर फिरतो व त्यावर स्प्रिंगेने दाबलेले कार्बनाचे स्थिर ठोकळे घासत राहतात. कारागीर या ठोकळ्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. चलित्राची गती दिक्‌परिवर्तकालाच मिळत असल्याने प्रवाहाची अदलाबदल आपोआप वेळेवर होते. रचनेचा हा साधेपणा हेच या चलित्राचे मोठे बळ होय. परंतु स्पर्श सरकता असल्याने घर्षण होते, ठोकळे झिजतात, कार्बनाची भुकटी साचते, पट्टी बदलताना ठिणगी पडते आणि तिच्यामुळे जवळच्या रेडिओ ग्राहीत खरखर निर्माण होते.

ब्रशरहित चलित्रात ही मांडणी उलटी असते. गुंडाळ्या स्थिर भागात (स्थाणुकात) बसविलेल्या असतात, तर चुंबक फिरत्या भागात (घूर्णकात) असतात. गुंडाळ्यांचे सामान्यतः तीन संच असून घूर्णक कोणत्या स्थितीत आहे, हे ओळखून नियंत्रकातील ट्रँझिस्टर त्यांतून आळीपाळीने प्रवाह सोडतात. त्यामुळे एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व घूर्णक त्याच्यामागे फिरतो. म्हणजे प्रवाहाची दिशा बदलण्याचे काम नाहीसे होत नाही. ते तांब्याकडून सिलिकॉनाकडे जाते. म्हणूनच ब्रशरहित चलित्र नियंत्रकाशिवाय घटमालेला जोडल्यास फिरू शकत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारे प्रवर्तन चलित्र हेही ब्रशरहितच असते. त्याच्या घूर्णकात कायम चुंबकांऐवजी धातूचे दांडे असून त्यांत प्रवाह प्रवर्तनाने निर्माण होतो [⟶ विद्युत् चलित्र].

प्रारंभिक इतिहास : हॅन्स क्रिस्तीआन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये विद्युत् प्रवाहाचा चुंबकसूचीवरील परिणाम दाखविला व १८२१ मध्ये मायकेल फॅराडे यांनी प्रवाहवाहक तार चुंबकाभोवती अखंड फिरत ठेवण्याचा प्रयोग केला. दिक्‌परिवर्तक असलेले चलित्र विल्यम स्टर्जन यांनी १८३२ मध्ये तयार केले. या चलित्रावर चाललेली पहिली वाहने प्रतिकृतींच्याच स्वरूपाची होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यातील टॉमस डॅव्हेनपोर्ट या लोहाराने १८३५ च्या सुमारास वर्तुळाकार रुळावर फिरणारी छोटी विद्युत् गाडी बनविली आणि १८३७ मध्ये आपल्या चलित्राचे पेटंट घेतले. स्कॉटलंडमधील रॉबर्ट डेव्हिडसन यांनी १८४२ मध्ये एडिंबरो–ग्लासगो लोहमार्गावर घटमालेवर चालणारे एंजिन चालवून पाहिले. परंतु घटातील जस्ताच्या ऱ्हासातून मिळणारी ऊर्जा कोळशाच्या मानाने फार महाग पडत असल्याने हे प्रयत्न पुढे गेले नाहीत.

विद्युत् जनित्राचा विकास झाल्यावर परिस्थिती पालटली. वेर्नर फोन झीमेन्स यांच्या कंपनीने १८७९ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात छोटी विद्युत् रेल्वे चालवून दाखविली. तर फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरात विद्युत् ट्राममार्ग यशस्वी केला. त्याच सुमारास तांब्याच्या तारांच्या ब्रशांऐवजी कार्बनाचे ठोकळे वापरात आले. कार्बनाचा रोध अधिक असल्याने ठिणगी कमी पडते व तांब्याच्या पट्ट्यांची झीजही मर्यादित राहते. एकसरी जोडणीचे एकदिश चलित्र गाडी हलविताना मोठा जोर देते व गाडीने वेग घेतल्यावर कमी प्रवाह घेते. हा गुण वाहनास फारच अनुकूल असल्याने पुढील सुमारे शंभर वर्षे विद्युत् कर्षणात याच चलित्राचे प्राबल्य राहिले.

ब्रश नसलेले चलित्रही याच काळात जन्मास आले होते. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना गालिलेओ फेरारीस व निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडली. टेस्ला यांना १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले व १८८९ मध्ये मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तीन प्रावस्थांचे पिंजरा पद्धतीचे प्रवर्तन चलित्र बनविले. ते साधे, मजबूत व स्वस्त असल्याने कारखाने व पुढे शेतीचे पंप यांत सर्वत्र पसरले. परंतु त्याचा वेग पुरवठ्याच्या कंप्रतेशी बांधलेला असतो. पंपाला एकच वेग पुरतो, वाहनाला मात्र शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत सर्व वेग लागतात. कंप्रता हवी तशी बदलून देणारे सुटसुटीत साधन मिळेपर्यंत हे चलित्र बहुतेक वाहनांपासून दूरच राहिले. अडचण चलित्रात नसून त्याच्या नियंत्रणात होती.

अर्धसंवाहकांचे युग : ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला व १९५७ मध्ये मोठे प्रवाह हाताळू शकणारा थायरिस्टर उपलब्ध झाला. टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ मध्ये घनावस्था प्रयुक्तींनी दिक्‌परिवर्तन करणाऱ्या एकदिश चलित्राचे वर्णन प्रसिद्ध केले; ब्रशरहित एकदिश चलित्राच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. घूर्णकाची स्थिती ओळखण्यास एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम उपयोगी पडला : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या प्रवाहवाहक पट्टीत आडव्या दिशेने विद्युत् दाब निर्माण होतो व त्यावरून चुंबकाचा ध्रुव समोर आल्याचे समजते.

चुंबकांतही याच काळात मोठी सुधारणा झाली. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे चुंबक, त्यानंतर फेराइट, पुढे १९६० नंतर समॅरियम-कोबाल्ट आणि अखेरीस १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात जपान व अमेरिका येथे जवळजवळ एकाच वेळी विकसित झालेले निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक, असा हा क्रम आहे. शेवटच्या प्रकारामुळे मुठीत मावणाऱ्या चलित्रातून पूर्वी अशक्य वाटणारी शक्ती मिळू लागली. शक्तिशाली क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि ब्रशरहित चलित्र प्रथम अवकाशयाने, संगणकाच्या तबकड्या व शीतक पंखे यांत आणि त्यानंतर वाहनांत शिरले.

रेडिओ नियंत्रित प्रतिकृती मोटारगाड्या : रेडिओ तरंगांनी दुरून वाहन चालविण्याचे जाहीर प्रात्यक्षिक टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एका छोट्या नौकेच्या साहाय्याने केले. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या रेडिओ नियंत्रित मोटारगाड्या मात्र ट्रँझिस्टरांच्या प्रसारानंतर, १९६० नंतरच्या दशकात तयार होऊ लागल्या. जपानमधील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या गाडीची एक-द्वादशांश प्रमाणातील विद्युत् प्रतिकृती विक्रीस आणली. ग्राहकाने सुटे भाग स्वतः जोडून गाडी तयार करावयाची, ही या प्रकाराची खासियत होय. त्यामुळे गाडीचा मालक हाच तिचा कारागीरही झाला व भाग बदलून गाडी सुधारण्याची परंपरा रूढ झाली.

या गाड्यांत मुख्यतः जपानमधील माबुची कंपनीच्या ५४० क्रमांकाच्या चलित्राचा प्रसार झाला. सुमारे ३६ मिमी. व्यासाचे पत्र्याचे कवच, आत फेराइट चुंबक व मागच्या झाकणात दोन ब्रश, अशी त्याची रचना असते. निकेल-कॅडमियमाच्या सहा घटांच्या, म्हणजे ७.२ व्होल्टच्या मालेवर ते भाररहित स्थितीत मिनिटाला साधारण १५,००० फेरे घेते. आरंभीच्या वेगनियंत्रकात एक छोटे चलित्र रोधकावरून सरकती पट्टी फिरवी. वेग कमी केला असता उरलेली ऊर्जा रोधकात उष्णता होऊन वाया जाई. १९८० नंतर त्याची जागा इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाने घेतली. शर्यती करणाऱ्यांना ब्रश वारंवार बदलावे लागत व दिक्‌परिवर्तकाचा खडबडीत झालेला पृष्ठभाग छोट्या कातणयंत्रावर साफ करून घ्यावा लागे. ठिणग्यांमुळे ग्राहीत व्यत्यय येऊ नये म्हणून चलित्राच्या टोकांवर छोटी धारित्रे डाखून बसविण्याची पद्धत होती.

ब्रशरहित चलित्रांचा वापर १९९० नंतरच्या दशकात प्रथम प्रतिकृती विमानांत वाढला, कारण तेथे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोलाचा असतो. २००० नंतरच्या दशकात ती मोटारगाड्यांत आली. लिथियम-पॉलिमर घटांचा प्रसारही त्याच सुमारास झाला व या दोहोंच्या मेळाने विद्युत् प्रतिकृती वेगाच्या बाबतीत इंधनावर चालणाऱ्या प्रतिकृतींच्या पुढे गेल्या. भारतात २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ मध्ये परवान्यातून सूट मिळाल्याने नव्या पद्धतीचे प्रेषक व ग्राही वापरणे सुलभ झाले. महाराष्ट्रात हा छंद मुख्यतः मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्यात रुजला. पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘टेकफेस्ट’सारख्या उत्सवांमुळे यंत्रमानव व दूरनियंत्रित वाहने बांधण्याची गोडी विद्यार्थ्यांत वाढली.

रूपांतराची पद्धत : जुन्या ५४० चलित्राच्या जागी त्याच मापाचे ब्रशरहित चलित्र सामान्यतः बसते, दोहोंच्या मळसूत्रांच्या छिद्रांतील अंतर व दंडाचा व्यास (सुमारे ३.१७ मिमी.) सारखाच ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु जुना वेगनियंत्रक उपयोगी पडत नाही. त्याला चलित्राकडे जाणाऱ्या दोनच तारा असतात, तर नव्यास तीन लागतात. नियंत्रक दोन प्रकारचे असतात. एकात चलित्रातील हॉल संवेदकांकडून घूर्णकाची स्थिती कळते. दुसऱ्यात संवेदक नसून प्रवाह न वाहणाऱ्या गुंडाळीत प्रवर्तित होणाऱ्या दाबावरून ती ताडली जाते. चलित्र थांबलेले असताना असा दाब निर्माणच होत नाही. त्यामुळे संवेदकरहित गाडी सुरू होताना क्वचित गचके देते. चलित्र उलट्या दिशेने फिरू लागल्यास संवेदकरहित प्रकारात तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करणे पुरेसे असते; संवेदक असलेल्या प्रकारात मात्र तारांचा ठरलेला क्रम पाळावा लागतो. ब्रशांच्या चलित्रावर बसवीत ती धारित्रे येथे बसवावयाची नसतात, कारण नियंत्रकाच्या द्रुत स्पंदांमुळे त्यांतून मोठे प्रवाह वाहून नियंत्रकास इजा पोहोचते.

यानंतरचा प्रश्न वेगाचा. ब्रशरहित चलित्रावर दर व्होल्टला मिनिटाचे फेरे किती, हा अंक दिलेला असतो. हा अंक ३,००० असलेले चलित्र ७.४ व्होल्टच्या दोन-घटी लिथियम मालेवर भाररहित स्थितीत मिनिटाला २२,२०० फेरे घेईल. हा वेग जुन्या १५,००० फेऱ्यांच्या सुमारे दीडपट होतो. चाकाचा व्यास ८.५ सेंमी. व चलित्र ते चाक हे वेगगुणोत्तर ८ : १ धरल्यास गाडीचा सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ३० किमी. वरून ४४ किमी. वर जातो. तीन घटांची ११.१ व्होल्टची माला जोडल्यास तो ६६ किमी. च्या पुढे जातो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोन स्थितींत ती मूळच्या अनुक्रमे सुमारे सव्वादोन पट व पाच पट होते. मूळ गाडीची प्लॅस्टिकची दंतचक्रे, विभेदी दंतचक्र, चाकांचे दंड व धातूच्या साध्या कड्यांचे धारवे या भाराच्या हिशेबाने केलेले नसतात. रूपांतरानंतर पहिल्याच दिवशी दंतचक्राचे दात उडाल्याच्या तक्रारींचे कारण हेच होय. म्हणून चलित्रावरचे लघुदंतचक्र कमी दातांचे घ्यावे लागते. उदा., मूळच्या २० दातांऐवजी १३ किंवा १४ दातांचे घेतल्यास वेग जवळपास पूर्वीइतकाच राहून चलित्रावरील भार व उष्णता कमी होते. त्याचबरोबर पोलादी दंतचक्रे व गोळ्यांचे धारवे बसविले जातात.

विद्युत् घटमालेचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. निकेल-कॅडमियमाचे घट रिकामे होईतो वापरले तरी फारसे बिघडत नसे. लिथियम घटाचा दाब मात्र ३ व्होल्टच्या खाली जाऊ दिल्यास तो कायमचा निकामी होतो आणि ४.२ व्होल्टच्या वर भारित केल्यास पेट घेऊ शकतो. त्यामुळे ठराविक दाबाला चलित्र बंद करणारा नियंत्रक व प्रत्येक घट समतोल भारित करणारा भारक ही दोन्ही साधने आवश्यक असतात. अशा रीतीने एक चलित्र बदलण्यास निघालेल्या छांदिष्टास अखेरीस नियंत्रक, घटमाला, भारक, दंतचक्रे व धारवे हे सर्वच बदलावे लागतात. मूळ गाडीची चौकट व सुकाणू तेवढे शिल्लक राहते.

मुंबईची उपनगरी रेल्वे : ब्रशांकडून ब्रशरहित चलित्रांकडे झालेले महाराष्ट्रातील सर्वांत मोठे स्थित्यंतर मुंबईच्या रेल्वेत घडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विद्युत् गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर येथील व्हिक्टोरिया टर्मिनसहून बंदर मार्गाने कुर्ल्यास गेली. तिच्या विद्युतीकरणासाठी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची पद्धत स्वीकारण्यात आली होती. पश्चिम बाजूस बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली मार्गावर विद्युत् गाड्या सुरू केल्या. बोर व थळ घाटांच्या चढावरही विद्युत् एंजिने धावू लागली. ३७ फुटांस १ फूट अशा उतारावर गाडी उतरताना चलित्रांचा जनित्राप्रमाणे उपयोग करून वीज परत तारेत सोडण्याची सोय मालगाड्यांच्या एंजिनांत होती. त्यांपैकी १९२८ च्या सुमाराचे एक एंजिन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे जतन करून ठेवले आहे.

या सर्व गाड्यांतील चलित्रे ब्रश व दिक्‌परिवर्तक असलेली होती. गाडी सुरू करताना ती रोधकांसह एकसरीत व पुढे समांतर जोडली जात. प्रतिकृती मोटारगाडीच्या पहिल्या वेगनियंत्रकाप्रमाणेच येथेही आरंभीच्या काळातील बरीच ऊर्जा रोधकांत उष्णता होऊन जाई. हजारो चलित्रांचे ब्रश तपासणे, भुकटी झाडणे व दिक्‌परिवर्तक साफ करणे हे कारशेडमधील कामगारांचे नित्याचे काम होते. पावसाळ्यातील दमट हवेत या कामाला विशेष महत्त्व असे.

भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ किलोव्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत स्वीकारण्याचा निर्णय घेतला. समान शक्तीसाठी या पद्धतीत १,५०० व्होल्टच्या मानाने सु. सतरावा हिस्साच प्रवाह वाहावा लागतो. त्यामुळे तारा हलक्या होतात व उपकेंद्रे दूर अंतरावर ठेवता येतात. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : तारेतील प्रवाह प्रत्यावर्ती झाला, तरी गाडीतील चलित्र ब्रशांचेच राहिले. एंजिनातील रोहित्र व एकदिशकारक यांच्या साहाय्याने तो प्रवाह पुन्हा एकदिश करून चलित्रांना दिला जात असे. खरे ब्रशरहित कर्षण भारतात १९९० नंतरच्या दशकात आले. एबीबी कंपनीशी १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार तीन प्रावस्थांच्या प्रवर्तन चलित्रांची एंजिने आयात झाली व चित्तरंजन येथील कारखान्यात १९९८ मध्ये त्या वर्गाचे पहिले मालवाहू एंजिन तयार झाले.

मुंबईत तीन प्रावस्थांच्या चलित्रांच्या नव्या उपनगरी गाड्या नोव्हेंबर २००७ पासून धावू लागल्या. जुन्या व नव्या अशा दोन्ही पुरवठ्यांवर त्या चालू शकत. एक दिवसही बंद ठेवता न येणाऱ्या या मार्गावर दोन पद्धती काही वर्षे शेजारी शेजारी नांदविणे भागच होते. तारेतील दाब बदलण्यापूर्वी जुन्या पुलांखाली विद्युत् अंतर पुरेसे राहील अशी व्यवस्था करावी लागली, नवी उपकेंद्रे उभारावी लागली आणि रुळांतून जाणाऱ्या नव्या प्रवाहांनी सिग्नलयंत्रणेत व्यत्यय येऊ नये म्हणून तिच्यातही फेरबदल करावे लागले. पश्चिम रेल्वेवरील परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील जून २०१५ मध्ये व बंदर मार्गावरील एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले. ज्या बंदर मार्गावर १९२५ मध्ये एकदिश प्रवाहाची गाडी प्रथम धावली, त्याच मार्गावर एक्क्याण्णव वर्षांनी तिने निरोप घेतला. नव्या गाड्या थांबताना चलित्रे जनित्रे होऊन वीज तारेत परत सोडतात. दर दोन-तीन मिनिटांना थांबणाऱ्या उपनगरी गाडीत या बचतीचे महत्त्व मोठे आहे.

मँगॅनिजापासून निओडिमियमापर्यंत : या स्थित्यंतरास खनिजांचीही एक बाजू आहे व ती विदर्भाशी निगडित आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे बपेरा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या ज्या तुमसर तालुक्यात आहे, तो मँगॅनीज खाणींसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीज डाय-ऑक्साइडयुक्त धातुक कोरड्या विद्युत् घटांच्या उद्योगास पुरविले जाते. झॉर्झ लक्लांशे यांनी १८६६ मध्ये बनविलेल्या घटापासून आजच्या विजेरीतील घटापर्यंत जस्त व मँगॅनीज डाय-ऑक्साइड ही जोडी टिकून आहे. साध्या खेळण्यातील मोटारगाडी याच घटांवर चालते. त्यातील ब्रशांच्या चलित्राचे चुंबकही लोहाच्या ऑक्साइडापासून केलेले असतात. म्हणजे जुन्या पद्धतीची खेळण्यातली गाडी सहज उपलब्ध होणाऱ्या खनिजांवर चालत असे.

नव्या पद्धतीची भिस्त दूरच्या खनिजांवर आहे. लिथियम भारताला आयात करावे लागते. काही लिथियम घटांच्या धन विद्युत् अग्रात निकेल व कोबाल्ट यांच्या जोडीने मँगॅनीजही असते, एवढाच जुना धागा येथे शिल्लक राहतो. निओडिमियम चुंबकांच्या उत्पादनाचा फार मोठा भाग चीनमध्ये केंद्रित झालेला आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही विरल मृदा मूलद्रव्ये व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील विद्युत् दुचाकींच्या उत्पादनास त्याची झळ बसली. रेल्वेतील प्रवर्तन चलित्रात असे चुंबक लागत नसल्याने ते या अडचणीपासून मुक्त आहे.

लाभ व मर्यादा : ब्रशरहित चलित्राची कार्यक्षमता अधिक असते, त्यात घासणारा विद्युत् स्पर्श नसल्याने केवळ धारव्यांचीच झीज होते, ठिणगी पडत नाही आणि गुंडाळ्या बाहेरच्या स्थिर भागात असल्यास त्यांतील उष्णता कवचावाटे सहज निघून जाते. याच गुणांमुळे ही चलित्रे विद्युत् दुचाकी, रिक्षा, फवारणीची ड्रोन विमाने व छताचे पंखे यांच्या रूपाने ग्रामीण भागातही पोहोचली आहेत. जुन्या पेट्रोल वाहनांवर विद्युत् संच बसविण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मात्र असा संच मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था होय. प्रतिकृती गाडीत दात उडाल्यास नुकसान काही रुपयांचे होते. रस्त्यावरील वाहनात तीच चूक प्राणघातक ठरू शकते.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र नवी पद्धत सर्वस्वी सोयीची नाही. ब्रशांचे चलित्र बंद पडल्यास त्याचे कारण उघड्या डोळ्यांना दिसे. तालुक्याच्या गावातील कारागीर कार्बन बदलून, दिक्‌परिवर्तक घासून किंवा गुंडाळी पुन्हा भरून ते सुरू करू शकत असे. जळालेल्या नियंत्रकातील दोष शोधण्यास मोजमापाची साधने, मंडलाचा आराखडा व सुटे भाग लागतात. ते निर्मात्याने उपलब्ध करून न दिल्यास सबंध नियंत्रकच टाकून द्यावा लागतो. बपेऱ्यासारख्या जिल्ह्याच्या टोकावरील गावात विद्युत् वाहन घेणाऱ्यास हा प्रश्न शहरातील ग्राहकापेक्षा अधिक जाणवतो. ब्रश व दिक्‌परिवर्तक यांबरोबर त्यांच्या दुरुस्तीची कलाही मागे पडते आहे आणि तिची जागा घेणारे इलेक्ट्रॉनिकीचे ज्ञान त्याच वेगाने पसरलेले नाही. मुंबईच्या रेल्वेने जुनी व नवी पद्धत काही वर्षे शेजारी चालवून, कारशेड व कामगार यांनाही नव्या कामासाठी तयार करून हे अंतर भरून काढले. प्रतिकृती गाडीचा छांदिष्ट तेच काम आपल्या घरातील मेजावर, लहान प्रमाणात व स्वतःच्या खर्चाने शिकत असतो. खेळणे वाटणाऱ्या या छंदाचे शैक्षणिक मूल्य त्यातच आहे.